खानाच्या तंबूपर्यंत

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : माझ्या मित्राच्या आईचे. आईवडिलांचं वेगळं, त्यांना उपकार म्हणता येत नाही. पण ज्या बाईंशी माझं नातं नाही, गाव एक नाही, ज्यांच्या हातचं मी फार तर पंधरा-वीस वेळा जेवलो असेन, त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. यवतमाळकडच्या एका गावातल्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. मुलगा, म्हणजे माझा मित्र, आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्याकडे त्या काही महिन्यांसाठी आल्या होत्या. तेवढ्या दिवसांत त्यांनी मला सात-साडेसातशे वर्षांपूर्वी मरून गेलेल्या एका रशियन राजपुत्राची ओळख करून दिली. मोठ्या कॉलेजांनी मला जे शिकवलं नाही ते या राजपुत्राने शिकवलं, असं मी म्हणतो तेव्हा मित्र हसतात. हसू देत.

आधी माझं थोडं सांगतो. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. दहावीनंतर डिप्लोमा, मग इंजिनियरिंग, मग आयर्लंडमध्ये एम.एस. इतिहास दहावीला सुटला तो सुटलाच. डब्लिनच्या उत्तरेला, स्वोर्ड्स गावाजवळच्या एका छोट्या कारखान्यात मला नोकरी मिळाली. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात त्या बारीक नळ्या तिथे तयार होतात. चार-पाच वर्षांनी उत्पादनाच्या एका लाइनची जबाबदारी माझ्याकडे आली. लाइनवर अकरा माणसं. बहुतेक आसपासच्या गावांतली, काही पोलंडची. सगळ्यात जुन्या बाई माझ्या आईच्या वयाच्या. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘लव्ह’ म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी लाजलो होतो, नंतर कळलं की त्या पोस्टमनलाही तसंच म्हणतात.

मावशी आल्या त्या वर्षी आमचा कारखाना विकला गेला. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने घेतला आणि पहिल्याच महिन्यात कळवलं की इथल्या काही लाइन बंद होतील. कुठल्या, ते वर्षअखेर ठरेल. प्रत्येक लाइनच्या प्रमुखाने अमेरिकेला मुख्य कचेरीत यावं आणि आपली लाइन का ठेवावी ते वीस मिनिटांत सांगावं. माझ्या हाताखालच्या अकरा जणांची नोकरी त्या वीस मिनिटांवर आली होती.

मला तो अपमान वाटला. आमच्या लाइनवर माल वाया जाण्याचं प्रमाण सगळ्या कारखान्यात कमी होतं. आकडे त्यांच्याकडे होते. मग हात जोडून दारात उभं कशाला राहायचं? मित्रांना सांगितलं तर सगळे म्हणाले, “ठणकावून सांग. नाहीतर सोड नोकरी, तुला काय कमी आहे?” मी राजीनामा लिहून लॅपटॉपमध्ये ठेवला होता. रोज उघडून एखादा शब्द आणखी तिखट करायचो.

त्याच सुमारास आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या एकांकिकेची जुळवाजुळव चालली होती. लेखक-दिग्दर्शक पुण्याचा. डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि दरवर्षी “या वेळी काहीतरी वेगळं करू” म्हणायचा. एका रविवारी माझ्या मित्राकडे सगळे जेवायला बसले असताना मावशींनी वाढता वाढता त्या राजपुत्राची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी रशियन पुस्तकांची गाडी गावात यायची, रुपया-दोन रुपयांत जाडजूड पुस्तकं मिळायची. तशा एका पुस्तकात त्यांनी ती वाचली होती आणि पुढे शिक्षिका झाल्यावर मिळेल तिथून आणखी वाचत राहिल्या.

गोष्ट थोडक्यात अशी. मंगोल घोडेस्वार हिवाळ्यात गोठलेल्या नद्यांवरून आले, कारण त्या मुलखात हिवाळ्यात नदी हाच रस्ता. एकेक शहर जाळत गेले. जी वाचली त्यांच्या राजांना सांगितलं की राज्य तुमचं, पण ते करायची परवानगी आमची. मग प्रत्येक राजपुत्राला व्होल्गाच्या खालच्या अंगाला खानाच्या तंबूपर्यंत जाऊन सनद आणावी लागायची. आपल्याच बापाच्या गादीसाठी. जाताना सेबल नावाच्या मुंगसाएवढ्या जनावराची मऊ कातडी, ससाणे, चांदी. खानाला, खानाच्या बायकांना, कारभाऱ्यांना, दारावरच्या माणसाला. तिथे महिनोन् महिने थांबायचं. बोलावणं आलं की दोन जाळांच्या मधून चालत जायचं, म्हणजे मनातलं वाईट जळून जातं. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही. गुडघे टेकायचे. घोडीचं आंबवलेलं दूध दिलं तर प्यायचं. आमच्या राजपुत्राचा बाप अशाच एका भेटीनंतर परतीच्या वाटेवर मेला होता. विष घातलं असं लोक बोलत. मुलाला ते माहीत होतं, तरी तो गेला.

पुण्याच्या दिग्दर्शकाने आठवड्यात एकांकिका लिहून आणली. राजपुत्राचं काम मला दिलं, कारण मी उंच. खान म्हणजे मावशींचा मुलगा. त्याच्या कारखान्यात पाळ्या असल्यामुळे तो निम्म्या तालमींना नसायचा, तेव्हा खानाच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवायचो. तालमी स्वोर्ड्सच्या एका क्लबच्या हॉलमध्ये व्हायच्या. खरा जाळ करायला बंदी, म्हणून दोन टेबलफॅनना नारिंगी क्रेप कागदाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. मुलगा नसला की मावशींना लिक्सलिपहून आणायचं आणि परत सोडायचं काम माझ्याकडे.

पहिल्या तालमीला मावशी शेवट ऐकून उठून उभ्या राहिल्या.

“हे कुठून आणलं रे? हा सनद फाडते?”

“मावशी, नाटकात एवढं चालतं,” दिग्दर्शक म्हणाला. “टाळ्या येतील.”

“येतीन ना. मंग दुसऱ्या दिवशी घोडे येतीन. त्याचं गाव जळते ते कोण दाखवते?”

“एकच अंक आहे, मावशी.”

“मंग फाडू नको.”

सगळे हसले. दिग्दर्शकाने कुरकुरत ते पान काढलं. पण खरी अडचण माझी होती. मला वाकताच येईना. गुडघे टेकायचे, पण मान ताठच. डोळे खुर्चीवर रोखलेले. संवाद होता, “खानसाहेब, माझ्या शहराला जगू द्या.” तो माझ्या तोंडून धमकीसारखा निघायचा.

“काऊन बाबू, मानेत उसण भरली काय?” मावशी विचारायच्या.

“मावशी, राजा आहे तो.”

“राजा हाय म्हणूनच गेला ना तो! दुसऱ्या कोणाले कायले बलावते खान?”

दिग्दर्शकाने स्वतः करून दाखवलं, तर त्याचीही मान ताठ. मंडळाचे खजिनदार उठले, त्यांचीही तीच गत, वर त्यांनी जाता जाता पाठ फिरवून अंगरखा झटकला. हा आमच्या शाळेचा परिणाम. परक्या दरबारात मागच्या रांगेत उभं केलं तर आपला राजा काय करतो, हे आम्ही सगळे चौथीत शिकलो आहोत. ती गोष्ट आमच्या अंगात इतकी मुरलेली की दरबार म्हटलं की छाती आपोआप पुढे येते. मंगोलांची एकच रीत आम्हाला शिकवावी लागली नाही : जमिनीवर चिकटपट्टी लावून केलेल्या उंबरठ्यावर कुणाचाही पाय चुकून पडला नाही. “हे बरं येते तुमाले,” मावशी म्हणाल्या.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्यांना लिक्सलिपला सोडायला निघालो तेव्हा मोटरवेवर गाड्या तुंबल्या होत्या. पावसाची रिपरिप. मी राजीनाम्याचं बोललो. कुणालातरी सांगायचंच होतं.

मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, “कधी देतं?”

“या शुक्रवारी.”

“त्यानं काय होईन?”

“माझा मान राहील.”

“आन् त्या अकरा जणाइचं?”

मी म्हटलं, त्यांचं जे व्हायचं ते होईलच, मी जाऊन काही फरक पडणार नाही.

“हे तुले मालूम हाय का तुले वाटते?”

पुढची गाडी थोडी सरकली, मीही सरकलो.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्या मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा शाळा अनुदानावर यायची होती. संस्थेचे अध्यक्ष गावातलं बडं प्रस्थ. शिक्षकांच्या नेमणुकांच्या प्रस्तावावर त्यांची सही लागायची, आणि ती सही कागद पाठवून कधी मिळायची नाही. दर दसऱ्याला बंगल्यावर सोनं घेऊन जायचं. ओटीवर बसायचं. आत पाहुणे असायचे. दोन दोन तास आपट्याची पानं हातात धरून बसल्यावर आत बोलावणं. आधी अध्यक्षांच्या आईच्या पाया पडायचं, सुनेची चौकशी करायची, नातवाला जवळ घ्यायचं, आणि मग ते स्वतःहून विचारतील, “काय बाई, काही काम होतं का?” तेव्हा सांगायचं.

“मी एम.ए. होती,” मावशी म्हणाल्या. “तो सातवी नापास. पयल्या वर्षी घरी येऊन मी रडली. मास्तर म्हणे, सोडून दे.” मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. “मी म्हटलं, सोडतो. पण शाळेत चार बाया अशा होत्या का ज्याइच्या घरी चूल तेवढ्यावरच होती. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली.”

“आणि?”

“आणि काय? शाळा आली अनुदानावर.”

मी म्हटलं, “म्हणजे तुम्हीही त्या राजपुत्रासारख्याच.”

“छे! मले घोडीचं दूध नाही प्या लागलं. चहा देत होते. अर्धा कप.” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “आन् तूही काई राजपुत्र नाहीस. तुले तिथं कोणी इख देत नाही. फार तर नाही म्हणतीन. नाही आयकून माणूस मरत नाही.”

मी विचारलं, राजपुत्राला इतकं करून काय मिळालं? कारण आमची एकांकिका सनद मिळते तिथेच संपत होती.

त्यांनी सांगितलेलं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सनद घेऊन तो परत आला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं नाही. काही वर्षांनी खानाची माणसं शिरगणती करायला आली, घरटी खंडणी बसवायला. ज्या एका शहरात मंगोल कधी पोहोचलेच नव्हते त्याने दारं बंद केली. तेव्हा राजपुत्र स्वतः शिरगणतीवाल्यांबरोबर तिथे गेला आणि आपल्याच माणसांना जबरदस्तीने मोजू दिलं. विरोध करणाऱ्यांना त्याने क्रूर शिक्षा केल्या. लोकांनी त्याला शिव्या दिल्या. पुढे इतर शहरांनी खंडणी वसूल करणाऱ्यांना मारून हाकलून दिलं, शिवाय खानाला आपल्या लढाईसाठी रशियातली पोरं हवी होती. मग पुन्हा हाच गेला तंबूपर्यंत. तिथे हिवाळाभर अडकून पडला. पोरं न्यायची नाहीत एवढं त्याने मिळवलं, असं म्हणतात. परतीच्या वाटेवर आजारी पडला आणि घर गाठायच्या आत गेला. बापासारखाच.

“चांगला होता का तो?” मी विचारलं.

“माह्याच्यानं नाही सांगवत. पोराइले शिकवताना मी म्हणत जाओ, ज्याचं गाव जळलं नाही त्याले विचारा. आन् ज्याले शिक्षा झाली त्यालेही विचारा.”

लिक्सलिप आलं. उतरताना त्यांनी दार उघडं ठेवून वाकून सांगितलं, “शुक्रवारी देऊ नको. जाऊन ये. मंग पायजे तर दे.”

घरी जाऊन मी राजीनामा उघडला, वाचला आणि ठेवून दिला. पुसला नाही. पण शुक्रवारी दिलाही नाही. सोमवारी कारखान्यात कळवलं की मी अमेरिकेला जाणार आहे. लाइनवरच्या जुन्या बाई म्हणाल्या, “जातोयस ना लव्ह? बास. आमचं ग्रँड आहे, सगळं ठीक. तो तुमचा साहेब आहे ना तिकडचा, त्याला सांग की माझा नवरा घरी बसलेला मला परवडेल, मी घरी बसलेली माझ्या नवऱ्याला परवडणार नाही.” सगळे हसले, पण नंतर त्यांनी मशीन पुसायला घेतलं आणि एकाच जागी बराच वेळ पुसत राहिल्या.

त्यानंतरच्या तालमीला मान वाकली. मी काही विशेष केलं नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघताना मला लाइनवरची माणसं दिसत होती, एवढंच. “हं,” मावशी म्हणाल्या, आणि दिग्दर्शकाला त्यांनी पुढचा प्रवेश घ्यायला सांगितलं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. मी गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं तेव्हा मागून एका काकांनी मोठ्याने हाक दिली, “उठ रे, मर्दा!” हशा पिकला. पहिल्या रांगेतली एक मुलगी आयरिश हेल काढून बापाला विचारत होती की हा भांडत का नाही. मी खालीच राहिलो. पंख्यांचा कागद फडफडत होता. हळूहळू हॉल शांत झाला. टाळ्या पडल्या, पण जेवताना दोघा-तिघांनी येऊन सांगितलं की अभिनय चांगला, गोष्ट मात्र पटली नाही, राजा असा नसतो. मी त्यांना मावशींकडे पाठवलं. मावशींनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, ते बराच वेळ ताट घेऊन त्यांच्यासमोर उभे होते.

पुढच्या आठवड्यात मावशी परत गेल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या हातात चकल्यांचा डबा दिला. “तुह्यासाठी नाही. तिथल्या साहेबाच्या दारावर जे कोणी बसत असन तिच्यासाठी. दार तेच उघडते.” मग म्हणाल्या, “काय झालं ते पत्रानं कळव. फोनवर तू दोन वाक्य बोलशीन आन् बरं आहे म्हणशीन.”

मी पत्र पाठवलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती खाली देतो.

मावशी,

तुमची तब्येत विचारायच्या आधी बातमी सांगतो, कारण पाकीट फोडताना तुमचं लक्ष तिकडेच असणार. लाइन राहिली. कायमची नाही. दोन वर्षं राहील, मग पुन्हा बघू म्हणाले. पण अकराही जण कामावर आहेत.

माझी वेळ मंगळवारी सकाळी होती. मी बाहेर बसलो, दुपार झाली, मग सांगितलं की साहेबांना आज जमत नाही. पूर्वीचा मी असतो तर तिथून विमानतळ गाठला असता. बुधवारी पुन्हा जाऊन बसलो. दारावरच्या बाईंना चकल्या देऊ केल्या. त्या म्हणाल्या, कंपनीच्या नियमाप्रमाणे आम्हाला काही घेता येत नाही. त्यामुळे तुमच्या चकल्या तिथे बसून मीच खाल्ल्या. पण त्यांच्याशी बोलणं झालं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनीच मला आत घेतलं.

मी आकडे दाखवलेच नाहीत. ते त्यांच्यासमोर होते. मी म्हटलं, मी मागायला आलो आहे. लाइनवर कोण आहे, कुणाचा हात कुठल्या कामात किती वर्षं बसला आहे, ती माणसं गेली तर ते काम दुसरीकडे शिकायला काय लागेल, हे एकेकाचं सांगितलं. ‘प्लीज’ हा शब्द मी किती वेळा म्हणालो ते विचारू नका.

आता दुसरी बाजू. त्यांनी बदल्यात आमची रात्रपाळी सोडायला सांगितली. ती बंद करायची, म्हणजे रात्रीचा भत्ता गेला, सगळ्यांचा. मी हो म्हणून आलो, कुणाला विचारायला वेळ नव्हता. परत येऊन लाइनवर मीच सांगितलं, इथल्या साहेबांना सांगू दिलं नाही. वाटलं होतं तसंच झालं. दोघे माझ्याशी बोलेनासे झाले. पोलंडच्या एकाचं घराचं गणित त्या भत्त्यावर बसलेलं होतं, तो माझ्या तोंडावर म्हणाला की तू आम्हाला विकून आलास. मी ऐकून घेतलं. त्याला दिवसपाळीत जास्तीचे तास मिळवून द्यायचा प्रयत्न चालू आहे, अजून जमलेलं नाही.

तेव्हा मी चांगलं केलं का, हे मला अजून सांगता येत नाही. तुम्ही पोरांना जे सांगायचात ते आता मला नीट कळतं. पण गेलो नसतो तर हा प्रश्नही पडला नसता, आणि ती अकरा माणसं आज नोकरी शोधत असती. त्या गाडीत तुम्ही मला दुसरं काही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं, इतका मी तेव्हा कुणाच्यातरी शब्दावर टेकलो होतो. तुम्ही खरं ते सांगितलंत. आमच्या घरात मला हे सांगणारं कुणी नव्हतं, कारण अशा दारापर्यंत आमच्यातलं कुणी पोहोचलंच नव्हतं. तुम्ही परक्याच्या पोरासाठी एवढा विचार केलात, त्याबद्दल आभार म्हणणं फार तोकडं आहे, पण म्हणतो.

जुन्या बाईंनी तुमच्याबद्दल विचारलं होतं. मी सांगितलं की माझ्या एका मावशींनी मला पाठवलं. त्या म्हणाल्या, तिला सांग, रात्रीचे पैसे गेले म्हणून मी चिडलेय, पण सोमवारी सकाळी मी कामावर असते. मी हे जसंच्या तसं तुम्हाला कळवतो आहे.

तुमचा